कोकणातल्या बंदरात आणि वाडीत फोटो काढायचेत? आधी गावाचं घड्याळ शिकून घ्या

पाऊस ओसरायला लागला की हा प्रश्न हमखास येतो, कोकणात चाललोय, समुद्र, किल्ले, गावातली माणसं असं सगळं काढायचंय, कॅमेरा कुठला घेऊ आणि लेन्स कुठली घेऊ. माझ्या मते हा तिसरा-चौथा प्रश्न आहे. पहिला प्रश्न जायचं कधी, दुसरा राहायचं कोणाकडे. या दोन गोष्टी नीट ठरल्या तर साध्या मोबाईलवरही चांगले फोटो मिळतात, आणि त्या चुकल्या तर लाखाचा कॅमेरा गळ्यात असूनही हातात येतो तोच सूर्यास्त जो प्रत्येकाच्या स्टेटसला असतो. किनाऱ्यावरचं गाव आपल्या सुट्टीच्या वेळापत्रकावर चालत नाही, ते भरती-ओहोटीवर, तिथीवर, मासळीच्या लिलावावर आणि एसटीच्या टायमिंगवर चालतं, ते एकदा समजून घेतलं की बाकीचं शिकता येतं.

आधी एकच गाव धरा

नवीन माणूस अलिबागला सुरुवात करतो आणि चार दिवसांत वेंगुर्ल्यापर्यंत जातो, रोज नवा बीच, रोज नवा किल्ला. असं करू नका. एक गाव पकडा आणि तिथेच तीन-चार दिवस राहा. पहिल्या दिवशी तुम्ही पर्यटक असता, दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर ओळखीचे होता, आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी स्वतःहून सांगतं की उद्या सकाळी अमुक ठिकाणी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, लागणार आहे, या बघायला. खरे फोटो तिथून सुरू होतात.

कुठलं गाव? सुरुवातीला मी तीन जागा सुचवेन. मालवण आणि त्याच्या दक्षिणेचं तारकर्ली-देवबाग, कारण तिथे बेटावरचा सिंधुदुर्ग किल्ला, खाडी, रापण आणि आतल्या बाजूला माडांमधल्या वाड्या हे सगळं अगदी थोड्या अंतरात आहे. दुसरं दापोलीजवळचं हर्णै, तिथला मासळीचा लिलाव आणि समोर पाण्यात उभा सुवर्णदुर्ग. तिसरं मुरुडजवळचं राजपुरी, जिथून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या जातात. मला स्वतःला मालवणचा भाग सगळ्यात जवळचा, म्हणून पुढची बरीचशी उदाहरणं तिकडचीच येतील.

जायचं कसं हेही सांगून टाकतो. मालवणसाठी कोकण रेल्वेने कुडाळ किंवा कणकवली, तिथून एसटी किंवा रिक्षा. आतल्या गावात जायचं असेल तर वस्तीची एसटी विचारून ठेवा, म्हणजे रात्री गावात मुक्कामाला येते आणि भल्या पहाटे परत निघते ती गाडी. त्या गाडीत मासळीच्या टोपल्या, कॉलेजची पोरं, तालुक्याला कामासाठी निघालेले आजोबा असे सगळे असतात, स्वतःच्या कारने गेलात तर हे काही दिसणार नाही.

आणि राहायचं शक्यतो घरगुती ठिकाणी. याचं कारण फक्त जेवण नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या कुठल्याही वाडीत शिरलात की पहिला प्रश्न येतो, "कोणाकडे इलास?" या प्रश्नाला उत्तर म्हणून एखाद्या घराचं नाव तुमच्याकडे असलं की समोरच्याचा चेहरा लगेच मोकळा होतो. नाव नसेल तर तुम्ही नुसतेच कॅमेरावाले.

तारीख ठरवायला पंचांग किंवा कालनिर्णय उघडा

हे सगळ्यात कामाचं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते आणि रोज ती साधारण पाऊण तास, पन्नास मिनिटं पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास फरक कमी असतो, त्याला भांग म्हणतात. भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा की तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, पूर्ण भरती पावणेचारच्या सुमारास. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा किंवा अमावस्या असेल तर पंधराचे पाऊण म्हणजे सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच, आणि दिवसा जी वेळ येते साधारण तीच रात्रीची. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं म्हणून नेमक्या वेळेसाठी टाईड चार्टचं अ‍ॅप बघाच, पण घरी बसून तारीख निवडायला हा हिशोब पुरेसा आहे.

आता याचा फोटोशी संबंध बघा. पौर्णिमेला किंवा अमावस्येला भरती दुपारी सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास, आणि डिसेंबरात सूर्य मावळतो सहाच्या सुमारास. म्हणजे ऐन सूर्यास्ताला पाणी खूप मागे गेलेलं असतं, मैलभर ओली वाळू आरशासारखी चमकत असते, खडकांमध्ये पाण्याची डबकी साचलेली असतात, आणि कालवं काढायला आलेल्या बायका खडकांवर वाकलेल्या दिसतात. उलट अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे सूर्यास्ताला पाणी काठापर्यंत, ओली वाळू नाही, पण खडकावर फुटणाऱ्या लाटा आणि काठाला लागून डुलणाऱ्या होड्या छान मिळतात. तुम्हाला काय हवंय त्यावर तिथी निवडा. "लकी होतो, लाईट मस्त मिळाला" असं ज्या फोटोंबद्दल लोक म्हणतात त्यातले अर्धे असे आधीच ठरवता येतात.

याच्याबरोबरच एक सावधगिरी. ओहोटीला चालत जाता येतं अशा खडकांवर, छोट्या बेटांवर आपण रमतो आणि पाणी मागून भरतं. मालवणच्या दांडी किनाऱ्याजवळच्या पद्मगडावर लोक ओहोटीला चालत जातात, तिकडे जायचं असेल तर स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका आणि परत कधी निघायचं ती वेळ मोबाईलवर अलार्म लावून ठेवा. उधाणाच्या दिवसात पाणी झपाट्याने चढतं.

दिशेचंही एक लक्षात ठेवा. कोकणात सूर्य समुद्रात बुडतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यामुळे सगळे संध्याकाळी जातात आणि समोर उजेड असल्याने होडी, माणूस, किल्ला सगळं काळंच येतं. सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागून, जमिनीच्या बाजूने वर येतो, आणि मालवणच्या जेटीवर उभं राहिलात की समोरच्या सिंधुदुर्गाच्या तटावर सरळ उजेड पडतो, होड्यांचे निळे-हिरवे-पिवळे रंग खरे रंग दिसतात. रंग हवे तर सकाळ, आकार हवे तर संध्याकाळ. माझं मत विचाराल तर सकाळ, नेहमी सकाळ, कारण गावाची सगळी कामं तेव्हाच चालू असतात.

कुठल्या महिन्यात

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोपा सीझन, हवा कोरडी, होड्या चालू. पण पावसाळा सोडून देऊ नका. १ जून ते ३१ जुलै आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ असतो म्हणून. होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या, माणसं घरी, जाळी दुरुस्तीला काढलेली. म्हणजे एरवी समुद्रावर असणारी माणसं निवांत बसून हाताने जाळं विणताना याच दिवसात भेटतात, गप्पाही होतात. आणि त्याच वेळी आतल्या बाजूला भाताची लावणी. शेतात फोटो काढताना बांधावरून चालायचं असेल तर विचारून, आणि तरव्यात, म्हणजे रोपं केलेल्या वाफ्यात, अजिबात पाय टाकू नका, ते रोप म्हणजे त्यांचं वर्षाचं भात आहे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला जातो, मालवणच्या बंदरावर तेव्हा मोठी गर्दी असते. पावसात किल्ल्याला जाणाऱ्या होडीच्या फेऱ्या बंद असतात हे मात्र धरून चला.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रत्नागिरी-राजापूरकडच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या पठारांवर, रानफुलं येतात आणि त्याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. उक्षी, बारसू, कशेळी ही नावं तुम्ही ऐकली असतील. तिथे फोटो काढताना शिल्पावर उभं राहायचं नाही, रेषा नीट दिसाव्यात म्हणून खडूने भरायचं तर अजिबात नाही. रेषा उठून दिसायला सूर्य तिरपा असताना जा, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, तिरप्या उजेडात खोदलेल्या रेषेत आपोआप सावली भरते.

बॅगेत काय

थोडक्यात. मोबाईल असेल तर मोबाईल, फक्त लेन्स पुसायचं कापड खिशात ठेवा कारण खाऱ्या हवेने काचेवर धुरकट थर बसतो आणि लोकांना वाटतं फोटोच खराब येतोय. कॅमेरा असेल तर ३५ एमएमच्या आसपासची एक लेन्स किंवा २४-७० पुरे. भलीमोठी झूम घेऊन लांबून माणसांचे फोटो काढायची सवय पहिल्यापासून लावूच नका, जवळ जाऊन विचारून काढलेल्या फोटोत माणूस तुमच्याकडे बघतो. जादा बॅटरी, जादा कार्ड, पॉवर बँक, कारण लाईट जाते. पाणी न शिरणारी पिशवी. सिलिका जेलच्या पुड्या. भिजल्या तरी चालतील अशा चपला.

खाऱ्या पाण्याचे तुषार लेन्सवर उडाले तर कोरड्या कापडाने घासू नका, मीठ आणि वाळूचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी हवा मारायच्या रबरी फुंकणीने (ब्लोअरने) कण उडवा, मग किंचित ओल्या कापडाने टिपा, मग कोरडं करा. वाळूवर उभं राहून लेन्स बदलायची नाही. आणि एसीच्या खोलीतून बाहेरच्या दमट हवेत आलात की लेन्सवर बाष्प धरतं, तेव्हा बॅग अर्धा तास तशीच बंद राहू द्या.

माणसांचे फोटो

इथे नवीन लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि घाबरून चोरून फोटो काढतात, तेच सगळ्यात वाईट. पहिल्या दिवशी संध्याकाळी कॅमेरा बॅगेतच ठेवून गावातून एक चक्कर मारा. टपरीवर चहा घ्या, देवळात जाऊन या, कुठे काय चालतं ते बघा. लोक विचारतील कुठून आलात, काय करता, सरळ सांगा की फोटो काढतो, गावातली कामं बघायला आवडतात.

मग विचारायचं कसं? साधं. "काकी, फोटो काढू काय?" एवढंच. बहुतेक वेळा उत्तर येतं, "माझो कसलो फोटो काढतास, त्या पोरांचे काढा." हा नकार नसतो, लाजणं असतं. अशा वेळी कॅमेरा खाली घ्या आणि त्या काय करतायत त्याबद्दल विचारा, सुकट किती दिवस वाळवायची, हा मासा कुठला, आज भाव काय लागला. पाच मिनिटांनी त्या परत कामाला लागलेल्या असतात आणि तेव्हा परत विचारलं की बहुतेकदा हो म्हणतात. पण मान फिरवली, पदर तोंडावर घेतला किंवा सरळ नको म्हणाल्या तर विषय तिथेच संपला, हसून पुढे व्हायचं, लांब जाऊन झूम लावायची नाही.

एक गोष्ट मी सगळ्यांना सांगतो आणि सगळ्यांना ती वेळ वाया घालवणारी वाटते. आधी त्यांना हवा तो फोटो काढा. आपल्याला हवा असतो काम करतानाचा, नैसर्गिक, विस्कटलेला फोटो. त्यांना हवा असतो नीट उभं राहून, पदर सारखा करून, केस विंचरून, सरळ कॅमेऱ्याकडे बघत काढलेला, भिंतीवर लावता येईल असा फोटो. तो मन लावून काढा, उजेड बघा, मागची बादली बाजूला करा, नवरा-बायको, नातवंडं जमवायला वेळ द्या. कोकणातल्या कित्येक घरांत म्हाताऱ्या माणसाचा एकच फोटो असतो, कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला. तुम्ही काढलेला तो सरळसाधा फोटो त्या घरात तुमच्या नावाने राहतो. आणि तो झाला की माणूस सैल होतो, आपल्या कामाला लागतो, मग तुमचा फोटो आपसूक मिळतो.

लहान मुलांचे फोटो आई-वडिलांना विचारूनच, आणि नेटवर टाकताना मुलाचं नाव आणि वाडीचं नाव बरोबर लिहू नका. विहिरीवर, तळीवर आंघोळ-धुणं चालू असेल तर कॅमेरा बंद. देवळाच्या गाभाऱ्यात, दुःखाच्या घरी, न विचारता नाही. होडीत चढताना चपला काढा आणि पसरलेल्या जाळ्यावरून चालू नका, होडी आणि जाळं ही त्यांची पोटापाण्याची आणि मानाची गोष्ट आहे. फोटोसाठी पैसे मागितले किंवा द्यावेसे वाटले तर? माझं मत असं की फोटोचे पैसे देण्यापेक्षा त्यांच्याकडून मासे घ्या, होडीची फेरी घ्या, जेवण घ्या, आणि कोणाला कामातून उठवून तास-दोन तास थांबवलं असेल तर त्या वेळेचे पैसे आधी बोलून नीट द्या. तो फोटो जाहिरातीत किंवा विकायला वापरायचा असेल तर लेखी परवानगी लागेल, ती आधीच घ्या, नंतर फोनवर नाही.

अंदमानला जाणारेही बरेच विचारतात म्हणून इथेच सांगतो, तिथे जारवा आदिवासींचे फोटो-व्हिडिओ काढणं कायद्याने गुन्हा आहे, गाडीतून जाता जाता मोबाईलवर काढणंसुद्धा.

भर दुपारी काय करायचं: पडवी आणि काचेचं कौल

सगळी पुस्तकं सांगतात दुपारचा उजेड वाईट. बाहेर असेल. कोकणातल्या घरात नाही.

पडवीच्या कडेला माणूस बसवा, तोंड बाहेर खळ्याकडे, म्हणजे अंगणाकडे. डोक्यावर छप्पर असल्याने ऊन थेट पडत नाही, पण सारवलेल्या किंवा लाल मातीच्या खळ्यावरून उजेड परतून चेहऱ्यावर येतो, मऊ आणि किंचित उबदार. तुम्ही खळ्यात उभं राहून काढलात तर मागची पडवी आपोआप अंधारी येते आणि चेहरा उठून दिसतो. बाजूने काढलात तर अर्धा चेहरा उजेडात, अर्धा सावलीत, सुरकुत्या दिसतात. एवढा चांगला उजेड शहरातल्या स्टुडिओत पैसे देऊन उभा करावा लागतो.

आणि आत स्वयंपाकघरात गेलात तर वर बघा. कौलांमध्ये एखादं काचेचं कौल बसवलेलं असतं, उजेडासाठी. अकरा ते दोनच्या दरम्यान त्यातून उन्हाचा एक पट्टा सरळ खाली उतरतो, चूल पेटलेली असेल तर धुरामुळे तो पट्टा डोळ्यांना दिसतो, आणि भाकरी थापणारा हात त्या पट्ट्यात येतो आणि जातो. इथे कॅमेरा ऑटोवर ठेवलात तर तो अंधार बघून सगळं उजळ करेल आणि तो पट्टा पांढराफटक होईल. म्हणून उजेड मोजायचा तो पट्ट्यातल्या हातावर. मोबाईलवर हातावर बोट टेकवून दाबून धरा म्हणजे एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, लॉक होतं, मग बोट खाली ओढून अजून थोडं गडद करा. कॅमेऱ्यात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एक किंवा उणे दीड, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) १६०० पर्यंत गेला तरी घाबरू नका, शटरचा वेग १/१२५ सेकंदाच्या खाली नको कारण हात हलतोय. फ्लॅश नाही, फ्लॅश मारला की तो पट्टाच गेला. आणि मग थांबा. पट्टा जमिनीवर हळूहळू सरकत जातो, कधी पीठ भरलेल्या परातीवर येतो, कधी चुलीपाशी. स्वयंपाकघरात शिरायच्या आधी मात्र घरातल्या बाईला विचारायचं, घरातल्या पुरुषाने हो म्हटलं तेवढं पुरत नाही.

रापण

मालवण, तारकर्ली, देवबागकडे रापण बघायला मिळाली तर सगळं सोडून तिकडे जा. होडीतून मोठं जाळं समुद्रात अर्धगोलात सोडत नेतात, दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणतात, आणि मग दोन रांगांत माणसं ते ओढायला लागतात, म्हातारे, पोरं, बायका सगळे. सुरुवातीला ओढणाऱ्या दोन रांगा एकमेकांपासून बऱ्याच लांब असतात, जाळं जवळ येत जातं तशा त्या रांगाही जवळ येतात. शेवटी मधली पिशवी वाळूवर येते आणि मग मासळीचे वाटे पडतात.

नवीन माणूस शेवटच्या क्षणाची, माशांच्या ढिगाची वाट बघतो. तो फोटो सगळेच काढतात आणि तिथे इतकी गर्दी होते की काही दिसत नाही, शिवाय तुम्ही त्यांच्या कामात मधे येता. फोटो आहे तो आधीच्या तास-दीड तासात. ओढणारी माणसं समुद्राकडे तोंड करून मागे रेलतात, टाचा वाळूत रुतलेल्या, दोरीवर हातामागे हात. रांगेच्या एका टोकाला जा, खाली बसा, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, आणि दोरीच्या रेषेत बघा, एकामागे एक दहा-पंधरा माणसं एकाच कोनात रेललेली दिसतील. सकाळ असेल तर ऊन त्यांच्या पाठीकडून येतं, चेहरे सावलीत जातात, तेव्हा बाजूने काढा म्हणजे खांद्यांवर आणि दोरीवरून गळणाऱ्या पाण्यावर उजेडाची कड मिळते. संध्याकाळ असेल तर ऊन थेट चेहऱ्यावर, मग समोरच्या बाजूला थोडं तिरपं उभं राहा. वाळू पांढरी असली की कॅमेरा फसतो आणि माणसं काळी येतात, एक्स्पोजर अधिक दोन-तृतीयांश किंवा अधिक एक करा. ओढण्याचा जोर गोठवायचा असेल तर १/५०० पुरे. कोणी पाग टाकताना दिसला, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, तर १/१००० लागेल आणि बोट बटणावर ठेवून सलग काढत राहा, जाळं हवेत पूर्ण उघडतं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत मिटतं.

दोरी आणि समुद्र यांच्या मधे उभं राहू नका, दोरी ओलांडू नका. आणि थोडे फोटो झाले की कॅमेरा बॅगेत ठेवून दोरीला हात लावा. नुसते बघणारे आणि ओढायला हात लावणारे यातला फरक त्यांना कळतो, नंतर गप्पा वेगळ्या होतात.

हर्णैच्या लिलावाची गोष्ट वेगळी, तिथे वेग फार. बोटी पाण्यात उभ्या, छोट्या होड्यांतून आणि बैलगाड्यांतून माल किनाऱ्यावर येतो, वाळूवर ढीग लागतात आणि बोली सुरू. चिखल, बर्फ, घाई. तिथे ढिगापेक्षा बोली लावणाऱ्या बायकांचे चेहरे आणि हात बघा, आणि रस्त्यातून बाजूला उभे राहा. बैलगाडी पाण्यातून येतानाचा फोटो हवा असेल तर आधी गाडीचा मार्ग ओळखून त्याच्या कडेला थांबा, समोर नाही.

बेटावरचा किल्ला

सिंधुदुर्गाचं काम शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर १६६४ च्या नोव्हेंबरात सुरू केलं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी, दूधबाव, साखरबाव, दहीबाव. किल्ल्यात शिवराजेश्वराचं मंदिर आहे आणि काही कुटुंबं आजही तिथे राहतात. हे शेवटचं फोटोवाल्यांनी लक्षात ठेवावं, तो फक्त किल्ला नाही, कोणाचं तरी अंगण आहे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले त्यात सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे समुद्रातले-समुद्रकाठचे आहेत, त्यामुळे गर्दी वाढलेली असणार, सकाळची पहिली फेरी पकडा.

होडीत असताना कोपर होडीच्या काठावर टेकवू नका, इंजिनची थरथर थेट कॅमेऱ्यात येते. बसून, हात अंगाला चिकटवून, शटर १/५०० च्या वर. लाईफ जॅकेट आधी, कॅमेरा नंतर. पोचल्यावर सगळे तटाचे मोठे फोटो काढतात, ते काढाच, पण तटाची भव्यता कळायला त्यात एक माणूस हवा, तटावरून चालणारा, पायरीवर बसलेला. भरतीच्या पाण्याने तटाच्या दगडांवर उमटलेल्या रेषा, शिंपले चिकटलेले चिरे, हे जवळून बघा.

हे किल्ले पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत, ट्रायपॉड लावायचा तर परवानगी लागते, म्हणून ट्रायपॉड खोलीवरच ठेवा.

ड्रोनबद्दल एवढंच की देशात २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत, उडवायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटवर त्या जागेचा झोन बघायचा, लाल झोनमध्ये परवानगीशिवाय नाही, आणि २०२१ पासून चिपीचा विमानतळ सुरू झाल्याने मालवणच्या पट्ट्यात हे जास्त काळजीने बघायला हवं. किल्ल्यावर परवानगीशिवाय नाही. आणि वाडीवरून उडवायचा असेल तर गावात आधी सांगा, घरांची मागची अंगणं, न्हाण्या वरून दिसतात.

रात्री दशावतार

कार्तिकापासून गावोगावी जत्रा सुरू होतात आणि रात्रभर दशावतारी नाटकं. कलाकार स्वतःचा मेकअप स्वतः करतात, बायकांची कामंही पुरुषच करतात. रंगमंचापेक्षा मागची जागा बघा, पेटीवर टेकवलेला छोटा आरसा, एका बल्बचा उजेड, आणि अर्धा राजा झालेला माणूस. नाटक मंडळीच्या मालकांना आधी भेटून विचारा, एका कोपऱ्यात बसा, आरशात तुमचा कॅमेरा येणार नाही असा कोन घ्या, कोणाशी बोलू नका, ती त्यांची तयारीची वेळ आहे. फ्लॅश बंद. एलईडीच्या उजेडात फोटोवर काळे पट्टे येत असतील तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने त्या वेगाला पट्टे बहुतेक जातात.

घरी आल्यावर

फोटो निवडताना एक विनंती. फ्रेममध्ये मोबाईल टॉवर आला, निळी प्लास्टिकची पिंपं आली, थर्माकोलची खोकी, छपरावरची डिश आली म्हणून फोटो टाकून देऊ नका. आजचं बंदर तसंच दिसतं. ते सगळं काढून टाकून कंदील आणि बैलगाडी एवढंच ठेवलं तर आपण एक न असलेलं गाव तयार करतो, आणि त्या गावातल्या पोरांना ते बघून ओळखही पटत नाही. खाली ओळ लिहिताना "गरीब पण सुखी" वगैरे लिहू नका, माणूस काय काम करतोय, कुठली मासळी, कुठला महिना, हे लिहा. यासाठी रोज रात्री झोपायच्या आधी वहीत नावं आणि माहिती उतरवून ठेवा, दोन दिवसांनी आठवत नाही. कार्ड त्याच रात्री दोन ठिकाणी कॉपी करा.

आणि प्रिंट. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवाच, पण ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांचंच बहुतेक वेळा तुम्ही जास्त काढलेलं असतं. पोस्टकार्ड साईजच्या प्रिंट काढा, तो सरळ उभा राहून काढलेला फोटो जरा मोठा काढा. कुरिअर आतल्या वाडीत पोचेलच असं नाही, पोस्टाने पाठवा, पत्त्यात घराचं नाव, वाडी, मुक्काम पोस्ट, तालुका आणि पिनकोड नीट लिहा, नाहीतर ज्यांच्याकडे राहिलात त्यांच्या पत्त्यावर एकत्र पाठवा, ते घरोघरी देतात. प्रत्येक प्रिंटच्या मागे नाव लिहा म्हणजे वाटताना गोंधळ होत नाही, बॉलपेन जोरात दाबू नका, समोरून उमटतं, मार्कर वापरा आणि शाई पूर्ण वाळल्यावरच एकावर एक ठेवा. कोकणातल्या दमट हवेत प्रिंट एकमेकांना चिकटतात, म्हणून प्रत्येक दोनमध्ये एक साधा कागद घालून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून पाठवा.